बाराव्या अध्यायात दुष्काळही आहे

वाचक भगिनी नाशिकला शरणपूर रस्त्याच्या परिसरात राहतात. वय 43, अनुदानित शाळेत 14 वर्षं शिक्षिका. पती अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. तिथलं काम टप्प्याटप्प्यानं चाकणला हलणार असल्याचं पत्र 5 जानेवारीला त्यांच्या हाती आलं. जूनमध्ये चाकणला रुजू व्हा, नाहीतर हिशेब घेऊन मोकळे व्हा, असा त्याचा मतलब. घरात 76 वर्षांच्या सासूबाई आणि नववीतली मुलगी.

या कुटुंबानं 1 जानेवारीपासून, बायबलच्या उत्पत्ती या पहिल्या पुस्तकापासून सुरुवात करून रोज रात्री तीन अध्याय वाचायचा नेम धरला आहे. 4 तारखेला अब्रामाला 'आपला देश सोडून जा' असं सांगणारा अध्याय आला आणि दुसऱ्याच दिवशी कंपनीचं पत्र. पती म्हणाले, "याहून स्पष्ट देवानं काय सांगायचं?" 9 तारखेला इसहाकाला 'मिसर देशात (म्हणजे इजिप्तला) जाऊ नको, इथेच राहा' अशी आज्ञा आली. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "ही माझ्यासाठी." 11 तारखेला याकोबाला 'आपल्या वाडवडिलांच्या देशी परत जा', तर 16 तारखेला त्याच याकोबाला 'मिसरात जायला भिऊ नको'. आता रात्री वाचन संपलं की वाद सुरू होतो. सासूबाईंचं एकच पालुपद आहे: "तुमचे सासरे इथल्या कबरस्तानात आहेत. मला त्यांच्याजवळच ठेवा." भगिनी विचारतात, "यातल्या कुठल्या दिवशी देव आमच्याशी बोलला? आणि घरात अशी तेढ येत असेल तर वाचन काही दिवस थांबवू का?"

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. तुमचं पत्र वाचताना मला आधी हसू आलं, ते मोकळेपणानं सांगते. मग भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, बायबल घेतलं आणि तुमच्या तारखा ताडून पाहिल्या. चोख आहेत. रोज तीन अध्याय, म्हणजे चौथ्या दिवशी बारावा, नवव्या दिवशी सव्विसावा, अकराव्या दिवशी एकतिसावा आणि सोळाव्या दिवशी सेहेचाळिसावा. एका महिन्यात जा, जाऊ नको, परत जा, जा. देवानं तुमच्या घरात एवढी धांदल का उडवावी?

आता थोडी गंमत करू. हाच नेम तुम्ही रोज दोन अध्यायांचा धरला असता, तर 4 जानेवारीला तुमच्यापुढे सातवा आणि आठवा अध्याय आला असता. सातव्यात देव नोहाला म्हणतो, तारवात ये. आठव्यात म्हणतो, बाहेर नीघ. एकाच रात्री, एकाच बैठकीत. मग तुमच्या मिस्टरांनी काय अर्थ लावला असता? आणि नेम 3 तारखेला धरला असता, तर 4 तारखेला काइनानं आपला भाऊ हाबेल याला मारल्याची गोष्ट आली असती. त्यावरून तर नोकरीचा निर्णय घेण्याची कुणाची हिंमत झाली नसती.

रोज किती अध्याय वाचायचे हे तुम्ही ठरवलं, सुरुवात कुठल्या दिवशी करायची हेही तुम्हीच ठरवलं, आणि पत्र कधी द्यायचं हे कंपनीच्या कुठल्याशा साहेबानं. या तिन्हींचा सांधा जुळला तो देवाचा आवाज असं म्हणायला मी धजावत नाही. पण त्यात काहीच नाही असंही म्हणणार नाही. अशा योगायोगांवर माझा राग नाही. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यात, एका अनोळखी गोऱ्या प्रवाशाकडून. ते राजनांदगावला चालले होते. तो डबा चुकला असता तर मराठी ख्रिस्ती माणसाची गाणी वेगळी असती. पण टिळक काही पुढच्या स्टेशनवर उतरून बाप्तिस्मा घ्यायला धावले नाहीत. ते पुस्तक त्यांनी वाचलं, डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडले, पुन्हा वाचलं, झुरले. बाप्तिस्मा झाला तो 10 फेब्रुवारी 1895 ला. योगायोगानं हातात पुस्तक आलं, निर्णय मात्र वाचून, भांडून, रात्री जागून झाला.

माझीही एक गोष्ट सांगते, म्हणजे मी वरून उपदेश करते आहे असं वाटणार नाही. चोविसाव्या वर्षी मला दोन ठिकाणी नोकरी लागली, जळगावला आणि नाशकात. मी रात्री दार लावून डोळे मिटले, बायबल उघडलं आणि बोट ठेवलं. बोट पडलं पहिल्या इतिहासातल्या वंशावळीवर. अमक्याचा मुलगा तमका. म्हटलं, नीट उघडलं नाही. पुन्हा उघडलं, पुन्हा काही लागेना. तिसऱ्या वेळी रूथचं पुस्तक निघालं, 'तू जाशील तिकडे मी येईन'. मैत्रीण नाशकात होती. झालं! देवाची इच्छा कळली. पहिल्या दोन वेळा देव काय झोपला होता, हा प्रश्न मला पुढे पंधरा वर्षं पडला नाही. मी हवं ते मिळेपर्यंत उघडत राहिले आणि मिळाल्यावर थांबले.

तुमच्या घरात तेच चाललंय, फक्त माणसं जास्त आहेत. मिस्टर 4 तारखेला थांबले, सासूबाई 9 तारखेला. दोघंही आपापलं वचन घेऊन उठले. म्हणून माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे: उठू नका. पुढची ओळ वाचा.

बाराव्या अध्यायाचंच घ्या. पहिल्या ओळीत 'जा' आहे, मान्य. चौथ्या ओळीत अब्राम पंचाहत्तर वर्षांचा असल्याचं सांगितलंय. आणि दहावी ओळ? त्या देशात दुष्काळ पडला. देवानं दाखवलेल्या देशात, देवाच्या सांगण्यावरून गेलेल्या माणसाला, पोचल्यापोचल्या दुष्काळ. मग तो मिसरात गेला आणि जीव वाचवायला आपल्या बायकोला सांगितलं की तू माझी बहीण आहेस असं म्हण. म्हणजे बोलावणं खरं असूनही पुढचा मुक्काम कठीण होता, आणि अब्रामाच्या हातून चूकही घडली. 'देवानं बोलावलंय म्हणजे सगळं सुरळीत होईल' असं जर तुमचे मिस्टर धरून चालले असतील, तर त्यांना दहावी ओळ हळूच वाचायला द्या. आणि 'अडचण आली म्हणजे देवाची इच्छा नव्हती' असं सासूबाई धरून चालल्या असतील, तर त्यांनाही तीच ओळ द्या.

सासूबाईंच्या इसहाकाचंही असंच. त्याला राहा म्हटलं, तो राहिला. त्याच वर्षी शंभरपट पीक आलं. मग तिथल्या पलिष्टी लोकांना असूया वाटली, त्यांनी विहिरी बुजवल्या, आणि या राहिलेल्या माणसाला एका विहिरीवरून भांडण, दुसरीवरून भांडण असं करत सरकत सरकत जावं लागलं. राहणाऱ्यालाही प्रवास चुकला नाही. अंबडमधलं काम बंद होणार असेल, तर नाशकात राहिल्यानं तुमच्या घराची विहीर तीच राहणार नाही, हे त्यांनाही कधीतरी सांगावं लागेल.

मिस्टरांसाठी आणखी एक. योना देवाची आज्ञा टाळून तार्शीशला पळायला निघाला तेव्हा याफोच्या बंदरात त्याला नेमकं तिकडे जाणारं जहाज मिळालं. जागाही मिळाली, भाड्याला पैसेही होते. दार उघडं होतं. आमच्याकडे लोक फार म्हणतात, 'सगळे दरवाजे आपोआप उघडले, बाई, म्हणून कळलं.' योनाचेही उघडले होते.

आता जे तुम्ही लिहिलं नाहीत त्याकडे वळते. तुमच्या साडेतीन पानी पत्रात मिस्टरांच्या नोकरीवर दीड पान आहे. सासूबाईंवर एक. मुलीच्या दहावीवर अर्धं. तुमच्या 14 वर्षांच्या नोकरीवर एक ओळ: "माझी शाळा तर सोडावीच लागेल." हा 'तर' आणि हा 'च' कुठून आले? कोणी ठरवलं? चर्चा झाली का घरात? की ही गोष्ट चर्चेची आहे असंच कुणाला वाटलं नाही, तुम्हालाही?

अब्रामाच्या बोलावण्याचा अध्याय वाचताना त्याची बायको साराय काय म्हणाली ते शोधून पाहा. काही सापडायचं नाही. ती सामानाबरोबर निघाली. याबाबतीत आपल्या नाशिकच्या माणसांना बायबलच्या बाहेरचाही दाखला आहे. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई इथल्याच, जलालपूरच्या. नवऱ्याच्या अंतःकरणात जे काही घडत होतं त्याचं बिऱ्हाड बाईनं किती वेळा बांधायचं आणि सोडायचं, हे त्यांच्याइतकं कुणी भोगलं नसेल. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर पाचेक वर्षं दोघं एकमेकांपासून दूर राहिले. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या पावलांनी, आपल्या वेळेला. मला टिळकांबद्दल अपार आदर आहे. तरीही 'देवानं मला बोलावलं' असं घरातल्या एकानं म्हटलं की दुसऱ्यानं विचारायलाच हवं, "मला का नाही सांगितलं त्यानं? आपण एकाच खोलीत झोपतो." हे उर्मटपणानं नको, पण विचारा.

आणि शाळेचा राजीनामा ही सगळ्यांत शेवटची गोष्ट, ताई. अनुदानित शाळेतली 14 वर्षांची सेवा पुन्हा मिळत नाही. बिनपगारी रजा किती मिळू शकते, बदलीचा काही मार्ग आहे का, हे मुख्याध्यापकांकडून आणि संस्थेकडून लेखी समजून घ्या. तोवर घरात 'माझी शाळा तर सुटणारच' हे वाक्य उच्चारू नका. आपण उच्चारत राहिलो की ते खरं होतं.

सासूबाईंचा प्रश्न मात्र मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. त्यांचा इसहाक बाजूला ठेवा. त्यांना खरं लागू आहे ते 16 तारखेचं वाचन, आणि गंमत म्हणजे ते त्यांच्या विरुद्ध जातं असं घरात सगळ्यांना वाटलंय. 'मिसरात जायला भिऊ नको' ही ओळ मिस्टरांनी त्यांना ऐकवली असणार. पण मी म्हटलं तसं, आदल्या रात्रीचा पंचेचाळिसावा अध्याय आणि 16 लाच वाचलेला सत्तेचाळिसावा पुन्हा काढा.

पंचेचाळिसाव्यात मुलं येऊन म्हाताऱ्या याकोबाला सांगतात, मेला असं समजलेला योसेफ जिवंत आहे, मिसर देशाचा कारभार पाहतो. याकोबाचा विश्वास बसत नाही. मन सुन्न होतं. मग बायबल काय म्हणतं? योसेफानं त्याला न्यायला पाठवलेल्या गाड्या त्यानं पाहिल्या, तेव्हा त्याच्या जिवात जीव आला. शब्दांनी नाही आला. दर्शनानंही नाही; देवाचं दर्शन नंतर, बैर-शेबाला. आधी गाड्या.

सासूबाईंनी अजून गाडी पाहिलेली नाही. त्यांनी फक्त 'चाकण' हा शब्द ऐकलाय. कंपनीचं पत्र, मुलाचा उत्साह आणि एक वचन एवढ्यावर 76 वर्षांची बाई उठून कशी निघेल? त्यांना तळमजल्याचं घर दिसलं पाहिजे. संडास कमोडचा आहे की कसा, बाथरूममध्ये धरायला दांडी आहे का. रक्तदाबाच्या गोळ्या देणारा दवाखाना चालत जाण्याइतका जवळ आहे का. रविवारी मराठी उपासना कुठे होते, तिथे जायला रिक्षा मिळते का. खिडकीतून माणसं दिसतात की भिंत. एका शनिवारी त्यांना घेऊन जा, जेवायला सोबत डबा न्या, कुठलंही वचन ऐकवू नका, आणि परत या. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत 180 किलोमीटर म्हणजे चार-पाच तास, आणि चाकणच्या चौकात अडकलात तर त्याहून जास्त. तो रस्ता त्यांनी एकदा अंगानं पाहू दे. मग 'नको' म्हणाल्या तर ते 'नको' खरं असेल.

आणि सत्तेचाळिसावा अध्याय. याकोब मिसरात सतरा वर्षं राहिला. मरायला टेकला तेव्हा योसेफाला बोलावून त्यानं हात ठेवून शपथ घ्यायला लावली: मला मिसरात पुरू नको, मला माझ्या वाडवडिलांजवळ ठेव. तुमच्या सासूबाई शब्दशः हेच म्हणताहेत, आणि त्यांना घरात हट्टी ठरवलं गेलंय. योसेफ काय म्हणाला? 'बाबा, असं अशुभ बोलू नये' म्हणाला का? तो म्हणाला, तुम्ही म्हणता तसं करीन. शपथ घेतली. शेवटच्या अध्यायात त्यानं ती पाळलीही. बापाला वाहून कनानात नेलं.

असं वाहून नेणं शरणपूरला नवं नाही. तुमच्या घरापासून चालत जाता येईल अशा त्या जुन्या मिशनच्या आवारात एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं वाढत होती, शिकत होती. त्यांतला एक जेकब वेनराइट. नाव पुन्हा याकोबच. तो आफ्रिकेत स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डॉ. लिव्हिंग्स्टनच्या काफिल्यात होता. 1 मे 1873 ला लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारले, तेव्हा त्यांचं हृदय तिथेच एका झाडाखाली पुरलं गेलं. या नाशिकच्या मुलानं अंत्यविधीची प्रार्थना वाचली आणि झाडाच्या खोडावर नाव कोरलं. मग लिव्हिंग्स्टनचे सेवक सुसी आणि चुमा यांच्या मागून सगळ्यांनी मिळून ते शव दीड हजारांहून जास्त किलोमीटर चालत समुद्रकाठी आणलं. नऊ महिने लागले. पुढे जेकब त्याबरोबर लंडनपर्यंत गेला, आणि 18 एप्रिल 1874 ला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा तो शवपेटीपाशी होता. नऊ महिने पायी! तुम्हाला चाकणहून नाशिक एका सकाळचं आहे. सासूबाईंना हे वचन द्यायला अडचण कसली? मिस्टरांनी आईच्या पलंगाशी बसून, सगळ्यांसमोर, स्पष्ट शब्दांत सांगावं: "आई, काहीही झालं तरी तुला बाबांजवळच आणू." आणि जागेबद्दल मंडळीच्या कार्यालयात नोंद काय आहे, ती बघून घ्यावी. मला वाटतं त्यांच्या अर्ध्या विरोधाची गाठ इथेच आहे. उरलेला अर्धा खरा असेल, आणि तो ऐकून घ्यावा लागेल.

आता माझं मत विचारलंत म्हणून सांगते. मुलगी जूनमध्ये दहावीत जाते. शाळा, शिक्षक, मैत्रिणी सगळं बदलून बोर्डाच्या वर्षाला बसवण्यात मला शहाणपण दिसत नाही. मिस्टरांनी जूनमध्ये एकट्यानं जावं, एखाद्या सहकाऱ्याबरोबर खोली घ्यावी, शनिवारी रात्री यावं. दोन चुली पेटतील, खर्च वाढेल, त्यांना बाहेरचं खावं लागेल. बोर्डाची परीक्षा संपली की मार्चमध्ये पुन्हा चौघांनी बसावं. त्या दहा महिन्यांत चाकणची नोकरी कशी आहे हेही कळेल. पत्रातली आणि शॉपफ्लोअरवरची नोकरी एकच नसते. त्याआधी त्यांनी कंपनीकडून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: सेवा सलग धरणार का, घर हलवायचा खर्च देणार का, आणि नकार दिला तर हिशेबात नेमकं काय काय येईल. नाशिकमधलं घर दोन वर्षं तरी विकू नका, चांगला भाव आला तरी. अब्राम आणि त्याचा पुतण्या लोट वेगळे झाले तेव्हा लोटानं हिरवीगार बाजू बघून पटकन निवडली होती. तिथेच सदोम हे दुष्टपणासाठी कुख्यात शहर होतं, पण त्याचे डोळे पाण्याच्या खोऱ्यावर होते.

हे माझं मत आहे, वचन नाही. तुम्हाला पटलं नाही तर सोडून द्या. तुमच्या जागी दुबईला निघालेला इलेक्ट्रिशियन असेल, कॅनडाला चाललेलं जोडपं असेल, गावाकडे परतणारी विधवा असेल, हिशेब वेगळा निघेल. पण प्रश्न विचारायची पद्धत तीच: कुणाला जायचंय, कुणाला न्यायचंय, मागे काय राहतं, परतीची वाट उघडी आहे का.

राहिला वाचनाचा प्रश्न. थांबवू नका. फक्त वाद आणि वाचन एका पाटावर बसवू नका. बदलीची बोलणी दिवसा, चहाच्या वेळी, कागद-पेन घेऊन. रात्री वाचन. आणि रात्री 'याचा आपल्यासाठी अर्थ काय' हा प्रश्न महिनाभर बंद. त्याऐवजी विचारा, 'यात कोण प्रवासाला निघालं? बरोबर काय घेतलं? वाटेत काय चुकलं?' मुलीला हे आवडेल. मुलांना 'तात्पर्य' नको असतं, त्यांना तंबू कसला होता ते हवं असतं.

आणखी एक. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात कूश देशाचा एक अधिकारी रथात बसून यशया वाचत चाललेला असतो. फिलिप्प धावत जाऊन विचारतो, वाचता ते समजतं का? तो म्हणतो, कुणी समजावून दिल्याशिवाय कसं समजेल? प्रवासात वाचणारा इतका मोठा अधिकारी, आणि त्याला कळत नाही म्हणायला लाज वाटली नाही. तुमच्याही घरात 'मला कळलं नाही' हे वाक्य ऐकू येऊ दे. सध्या सगळ्यांना सगळं कळलंय, हीच अडचण आहे. पाळकसाहेबांना एखाद्या रात्री जेवायला बोलवा आणि त्यांनाही विचारा, पण निवाडा मागायला नको. ते बिचारे कुणाची बाजू घेणार?

बिऱ्हाड खरंच हललं, तर हलण्याच्या पंधरवड्यात नेमाचे तीन अध्याय झेपायचे नाहीत. खोक्यांत, गॅसच्या ट्रान्सफरमध्ये, दाखल्यांच्या झेरॉक्समध्ये नेम मोडतो, मग अपराधी वाटतं आणि महिनाभर पुस्तक उघडलंच जात नाही. त्या पंधरा दिवसांसाठी स्तोत्रसंहितेतली आरोहणस्तोत्रं ठेवा, 120 ते 134. पंधरा आहेत, एक सोडलं तर बाकीची तीन ते नऊ ओळींची. डोंगर चढून यरुशलेमला जाणाऱ्या वाटसरूंचं पदभांडार म्हणा ना. नाशिककर माणसाला वाटेवरच्या गाण्याची ओळख करून द्यायला नको. निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकेश्वरी चाललेल्या दिंड्या आपण दर पौषात पाहतो. आणि बायबल खोक्यात भरू नका, हातातल्या पिशवीत ठेवा. माझ्या एका मैत्रिणीचं बायबल 'पुस्तके/भांडी' लिहिलेल्या खोक्यात सात महिने होतं.

माझे वडील रेल्वेत गार्ड होते. विंचवाचं बिऱ्हाड. त्यांचं बायबल माझ्याकडे आहे. कातडी कव्हर केव्हाच गेलं, आता वर खाकी कागद आहे. समासात प्रत्येक अध्यायापाशी बारीक पेन्सिलीनं ठिकाण आणि तारीख. मनमाड. इगतपुरी. भुसावळ, रात्रपाळी. एके ठिकाणी नुसतं 'नांदगाव, पाऊस, गाडी उभी'. एकच अध्याय चार-चार गावांत वाचलेला आहे. त्यांनी वचनावर कधी टीप लिहिली नाही, काय शिकलो ते लिहिलं नाही, फक्त कुठे होतो ते. तुमच्या मुलीला एक पेन्सिल द्या आणि हे काम तिच्याकडे सोपवा.

वडिलांचा लाडका अध्याय कुठला असेल, सांगा? गणना या पुस्तकाचा 33 वा. सगळे तो उडवतात. इस्राएल लोकांनी वाळवंटात कुठे कुठे तळ दिला त्याची यादी. इथून निघाले, तिथे तळ दिला. तिथून निघाले, पुढे तळ दिला. बेचाळीस मुक्काम. त्यांतल्या कित्येक ठिकाणी काय घडलं याचा बायबलमध्ये एक शब्द नाही. आम्हा मुलांना कंटाळा यायचा, आणि वडील, म्हणजे आमचे दादा, तो अगदी टाइमटेबल वाचावं तसा मोठ्यानं, ठसक्यात वाचायचे, वाचून झाल्यावर तशाच सुरात पुढे चालू ठेवायचे: मनमाडहून निघाले, नांदगावला तळ दिला. नांदगावहून निघाले, चाळीसगावला तळ दिला. पाचोरा, जळगाव, भुसावळ. आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "पुरे, माणसांना झोपू द्या."

तुमच्या रोज तीन अध्यायांच्या हिशेबानं गणना 33 येतो 19 फेब्रुवारीला. मधे लेवीय हे पुस्तक लागेल, तिथे पुष्कळांची गाडी सायडिंगला जाते, तुम्ही रेटून न्या. 19 ला शिवजयंतीची सुट्टी आहे, मुलीची शाळा बंद, तुमचीही. मिस्टरांना त्या दिवशी सेकंड शिफ्ट नसेल अशी आशा करू. त्या रात्री वाचन सासूबाईंना करू द्या, चष्मा पुसून, हळूहळू, सगळी नावं चुकत चुकत. आणि संपलं की मुलीनं वही काढून त्यांना विचारावं, आजी, तुझे मुक्काम किती झाले? माहेरचं घर, लग्नानंतरची खोली, आजोबांची पहिली नोकरी, सगळी घरं सांग, पहिल्यापासून.